पांढरीचा गिलावा

परभणी जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात गावाचे दोन भाग असायचे, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. गवंड्याच्या दृष्टीनं हा फरक मातीच्या गुणाचाही आहे. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं तडकते, त्यामुळे तिचा गिलावा भिंतीवर राहत नाही. वस्तीची माती मात्र पडक्या भिंती, चुलीतली राख, शेण आणि भुसा यांची पिढ्यान्‌पिढ्या बनत आलेली. एक घर पडलं की त्याच्याच मातीनं दुसरं लिंपायचं. ओस पडलेल्या गढ्या आणि गोदाकाठची टेकाडं याच मातीसाठी खणली गेली. टोपलीतून खापरं येत, कधी एखादा मणी निघे. पुरातत्त्वाचं हे नुकसानच, पण घर लिंपणाऱ्याला त्याची काय कल्पना!

ही माती भिजवून, भुसा आणि घोड्याची किंवा गाढवाची लीद घालून तुडवायची आणि काही दिवस कुजू द्यायची. कुजली की तिला चिकटपणा येतो. मग हातानंच लिंपण. वर शेणाचं सारवण, आणि शेवटी चुन्याचा किंवा पांढऱ्या मातीचा पोतेरा. घटस्थापनेच्या आधी घरोघर हे काम निघायचं आणि ते बायकांचंच असायचं. माझ्या आईचे हात त्या दिवसांत चुन्यानं सोलवटलेले असत. जुन्या घरांच्या थंडाव्याचं कौतुक करताना आपण हे हात विसरतो.

छताला गिलावा नव्हता. माळवदाच्या घरात वर पाहिलं की तुळया, त्यांवर किलच, आणि फटींतून गळणारी माती. विंचू पडायचा तो तिथूनच. ऐपतदार वाड्यांत लाकडी तक्तपोशी असे, इतरांकडे जुन्या कापडाचं छत बांधत. वाड्यांतल्या भिंतींना चुन्याचा गिलावा असे. लोणारी समाजाचे लोक चुनखडी भाजत. तो चुना बैलाच्या घाणीत मळायचा आणि त्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, तागाचे बारीक तुकडे पडायचे. वरचा थर घोटून इतका गुळगुळीत करत की हात फिरवत राहावं.

गिलाव्यात धागा घालण्याची ही रीत मराठवाड्यात फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलं. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथं किड्यांनी चित्रांची बरीच हानी केली. वेरूळचा गिलावा भांगेमुळे तगला, असं या अभ्यासकांचं मत आहे.

मग हे सगळं गेलं कसं? सिमेंट हळूहळू येतच होतं, पण मराठवाड्याचं मन फिरलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे सुमारे ८ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. गळतं म्हणून वर्षानुवर्षं माती टाकत गेल्यानं ते कुठे कुठे दीड-दोन फूट जाड झालेलं. ते झोपेतल्या माणसांवर आलं. लातूर आमचा शेजारचा जिल्हा, त्यामुळे इथंही लोक माळवदाखाली झोपायला भिऊ लागले. जमेल त्यानं स्लॅब टाकला, बाकीच्यांनी पत्रे. त्या भीतीला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मात्र श्रोतेहो, ज्यांचं जुनं घर अजून उभं आहे, त्यांनी मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नये. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून सुकून जाते. सिमेंटखाली ती कोंडते. आतली माती भुसभुशीत होते, आणि तीन-चार पावसाळ्यांनी प्लास्टरची अख्खी पाठ सुटून खाली येते. लोक मिस्त्रीला शिव्या देतात आणि पुन्हा सिमेंटच लावतात. चुना गावात मिळतो, पांढरी मातीही आहे. मळायला माणूस मिळत नाही, ही खरी अडचण.

विटांच्या घराला सिमेंट शोभतं, पण त्याचीही एक मागणी असते. भिंतीला आतून साधारण १२ मिलिमीटर, तर स्लॅबला खालून टाचे मारून ६ मिलिमीटर थर, आणि त्यावर किमान ७ दिवस पाणी. आमच्याकडे बांधकाम निघतं उन्हाळ्यात, शेतीची कामं नसताना. पारा चाळिशीपार, आणि पाणी टँकरचं. प्यायचं पाणी भिंतीवर कोण मारणार? दोन दिवस शिंपडतात, तिसऱ्या दिवशी थांबतात, आणि दिवाळीपर्यंत नव्या भिंतीवर केसासारख्या भेगांची जाळी उमटलेली असते. काळीच्या गिलाव्याला पडायच्या तशाच.