सर्पिल सीटी स्कॅन

सर्पिल सीटी स्कॅन ही क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराची छेदचित्रे सलग टिपण्याची पद्धत आहे. तीत क्ष-किरण नलिका रुग्णाभोवती अखंड फिरत असतानाच रुग्णाचे मेज पुढे सरकते. त्यामुळे रुग्णाच्या संदर्भात नलिकेचा मार्ग मळसूत्राकार होतो.

इतिहास

गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. पुढील यंत्रांतही नलिकेच्या तारांना पीळ पडत असल्याने ती थांबवून उलट फिरवावी लागे. सरकत्या विद्युत-संपर्काच्या कड्यांनी ही अडचण दूर केली. विली कालेंडर व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये सर्पिल चित्रणाचे निष्कर्ष मांडले.

उपयोग

छातीचे चित्रण एकदा श्वास रोखण्याच्या अवधीत पूर्ण होते. पूर्वी दोन छेदांदरम्यान श्वास कमीअधिक झाल्यास फुप्फुसातील लहान गाठ निसटण्याचा संभव असे.

प्रारण सुरक्षा

शरीराच्या जाडीनुसार नलिकेतील विद्युतप्रवाह आपोआप बदलून प्रारणाची मात्रा मर्यादित ठेवता येते. बालके प्रारणास अधिक संवेदनशील असल्याने त्यांच्यासाठी मात्रा स्वतंत्रपणे ठरवावी लागते. भारतात सीटी यंत्र चालविण्यास मुंबईस्थित अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आवश्यक असतो.