अनुशेष : महाराष्ट्राचा सगळ्यात जुना बॅकलॉग

आमच्या ऑफिसात रोज सकाळी एक शब्द कानावर पडतोच. बॅकलॉग. म्हणजे राहिलेली कामं. जिरा उघडायचं (खायचं नाही, टूलचं नाव आहे), तिकिटं बघायची आणि लागायचं कामाला. असाच एक बॅकलॉग महाराष्ट्र सरकारकडेही आहे. मराठीत त्याला अनुशेष म्हणतात. मी मूळची वाशिमची, त्यामुळे हा शब्द मी कोडिंग शिकायच्या कितीतरी आधी ऐकला.

गोष्ट सुरू होते २८ सप्टेंबर १९५३ ला, नागपूर करारापासून. मराठी माणसांचं एकच राज्य झालं तर सगळं मुंबई-पुण्याकडे ओढलं जाईल, ही विदर्भ-मराठवाड्याची भीती होती. म्हणून पैसा, शिक्षण, नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात द्यायच्या आणि वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घ्यायचं, असं ठरलं. १९५६ मध्ये राज्यघटनेत कलम ३७१(२) आलं आणि विकास मंडळांची तरतूद झाली. ही मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. अडतीस वर्षांनी! आमच्याकडे तिकीट अडतीस तास पडून राहिलं तरी फोन येतो.

मधल्या काळात, १९८३ मध्ये, सरकारने अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली. त्यांची पद्धत एकदम सरळ होती. रस्ते, सिंचन, वीज, शाळा, दवाखाने, अगदी गुराढोरांचे दवाखानेसुद्धा, प्रत्येक बाबतीत राज्याची सरासरी काढायची. जिल्हा सरासरीच्या खाली असेल तर जेवढी तूट तेवढा त्याचा अनुशेष, आणि तो भरायला लागणारा खर्च रुपयांत. एकूण आकडा आला सुमारे ३,१८६ कोटी. यात एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्यातला ३७ टक्क्यांच्या आसपास वाटा ‘उर्वरित महाराष्ट्रा’चा होता, म्हणजे ज्याला आपण सरसकट पुढारलेला म्हणतो त्या भागाचा.

पुढे १९९७ च्या समितीने पुन्हा मोजलं, तेव्हा अनुशेष १४,००० कोटींच्या वर गेला होता. महागाई होतीच. पण मला विचाराल तर मोजपट्टीतच एक बग आहे : सरासरी. ती स्वतःच पुढे सरकत राहते आणि आतलं काही दाखवत नाही. अमरावती जिल्हा घ्या. वरूड-मोर्शीच्या संत्र्यांच्या बागा आणि मेळघाटातली कुपोषित पोरं, दोन्ही एकाच आकड्यात. दांडेकरांच्या अहवालात तर आमचा वाशिम जिल्हाच नाही. तो १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झाला, तोवर आमची तूट अकोल्याच्या सरासरीत विरघळलेली होती.

२०११ मध्ये विजय केळकरांची समिती आली. (केळकर मूळचे पुण्याचे इंजिनिअर, हे उगाच अभिमानाने सांगते.) त्यांनी तालुक्यापर्यंत खाली जाऊन बघायचा आग्रह धरला, विशेषतः पाण्यासाठी. त्यावर विदर्भ-मराठवाड्यातून विरोध झाला. कारण तालुका धरला की माण-खटावसारखे पश्चिम महाराष्ट्रातले दुष्काळी तालुकेही रांगेत येतात, आणि आधीच उशिरा मिळणाऱ्या पैशाला वाटेकरी वाढतात. ही भीती मला समजते. तरी माणच्या शेतकऱ्याला, तुझा जिल्हा साताऱ्याचा म्हणून तू सुखी, असं मी नाही सांगू शकत. २०१२ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात तळाला नंदुरबार होतं. तेही कागदावर ‘उर्वरित’च.

आणि रुपये तरी काय मोजतात? माझ्या आतेबहिणीला बाळंतपणात ऐन रात्री जीप करून अकोल्याला न्यावं लागलं. ऐंशीएक किलोमीटर. रस्ता चांगला होता, म्हणजे रस्त्याचा अनुशेष भरलेला. आत्या मात्र अजून म्हणते, ‘बाई, ते दोन तास माझ्या दुश्मनालाही नको.’ हे दोन तास कुठल्या कॉलममध्ये टाकायचे? शाळेच्या खोल्या मोजल्या, पोराला वाचता येतं का ते नाही मोजलं. हातपंप मोजले, मे महिन्यात त्याला पाणी असतं का ते नाही.

विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. आपण सगळे तेव्हा लॉकडाउनमध्ये होतो, बातमी कुठे गेली कळलंच नाही.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावापासून रात्री दोन वाजता उघडं असणारं बाळंतपणाचं हॉस्पिटल किती किलोमीटरवर आहे? तालुक्याचं नाव आणि तेवढा आकडा व्हॉइस नोटमध्ये पाठवा.