विस्मरण हे औषध नव्हे

कोणाच्या घरी अनर्थ ओढवला म्हणजे समाचारास गेलेली वडीलधारी मंडळी बहुधा एकच उपदेश करितात : झाले गेले गंगेला मिळाले, आता त्याचा विचारही मनात आणू नये. आम्हीही हा उपदेश अनेकांस केलेला आहे. त्यामागील कळवळा खरा असतो. परंतु मनावरील घाव तेवढ्याने भरून येतो काय? पहिल्या महायुद्धातील एका इस्पितळाचा इतिहास ह्या बाबतीत विचार करावयास लावणारा आहे.

१९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स ह्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकातून 'शेल शॉक' हा शब्द पुढे आणिला. अंगावर ओरखडाही नसलेले सैनिक थरथर कापत, मुके होत, झोपेतून किंचाळत उठत. पुष्कळ सेनाधिकाऱ्यांस हा निव्वळ भित्रेपणा वाटे. पळून जाणे, भ्याडपणा इत्यादी आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांस मरणोत्तर क्षमा मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले!

एडिंबरोनजीकच्या क्रेगलॉकहार्ट येथे १९१६ साली अशा रुग्णांकरिता, मात्र केवळ अधिकाऱ्यांकरिता, इस्पितळ उघडण्यात आले. तेथील डॉ. रिव्हर्स हे मानववंशशास्त्रज्ञही होते. निलगिरीतील तोडा लोकांत राहून त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९०६ साली प्रसिद्ध झाला होता. परक्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेण्याची त्यांची सवय येथे उपयोगी पडली. दिवसा निग्रहाने दडपलेली आठवण रात्री स्वप्नाच्या रूपाने दुप्पट वेगाने उसळते, असे त्यांच्या ध्यानी आले.

एका अधिकाऱ्याने आपल्या मित्राचा छिन्नविच्छिन्न देह रणभूमीवर पाहिला होता. तेच दृश्य रोज रात्री त्याच्या स्वप्नात येई. रिव्हर्स यांनी 'विसरा' असे म्हटले नाही. देहाची ती अवस्थाच सांगते की मृत्यू तत्क्षणी आला, मित्रास वेदना सोसाव्या लागल्या नाहीत, इकडे त्यांनी त्याचे लक्ष वेधिले. पुढे त्याला पुन्हा तोच देह स्वप्नात दिसला. पण ह्या खेपेस तो भ्याला नाही. मित्राच्या आप्तांकरिता त्याच्या मौल्यवान वस्तू काढून घेण्यास तो शेजारी गुडघे टेकून बसला. आठवण गेली नव्हती; तिचा अर्थ पालटला होता.

तथापि प्रत्येक आठवणीस असा दिलासा सापडतोच असे नाही. दुसऱ्या एका अधिकाऱ्याचे तोंड स्फोटाच्या धक्क्याने एका कुजलेल्या प्रेतावर आपटले होते. त्या अनुभवात रिव्हर्स यांना सांत्वनाचा कणही आढळला नाही. म्हणून त्यांनी त्याला सैन्य सोडून खेड्यात राहण्याचा सल्ला दिला. ही प्रामाणिक कबुली आम्हांस त्यांच्या यशाइतकीच मोलाची वाटते.

आणखी एक पेच होता. बरे झालेला अधिकारी पुन्हा रणांगणावर धाडावयाचा! युद्धाचा उघड निषेध करणारे कवी सिगफ्रीड ससून १९१७ च्या जुलैत येथे दाखल झाले, पुढे स्वेच्छेने आघाडीवर परतले आणि १९१८ च्या जुलैत जखमी झाले. ह्या पेचाने रिव्हर्स यांची स्वतःची झोपही उडविली होती. १९२२ साली ते निवर्तल्यावर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या स्वप्नविषयक ग्रंथात त्या अस्वस्थतेची साक्ष आहे.

आघातानंतरच्या ह्या व्याधीस अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने १९८० साली, व्हिएतनाम युद्धानंतर, स्वतंत्र नाव दिले. आजचे अनेक उपचारही रुग्णास विश्वासाच्या सोबतीने, टप्प्याटप्प्याने, त्या आठवणीसमोर नेतात. मात्र कोणास बळेच बोलते करणे हा उपचार नव्हे. रिव्हर्सही आठवणीतच सदैव बुडून राहा असे सांगत नसत.

यास्तव पुढच्या वेळी कोणाच्या समाचारास गेलो असता 'विसरा' हा शब्द आम्ही ओठांवरच थोपवू. समोरच्या माणसास बोलावेसे वाटले तर ऐकू, न वाटले तर नुसते जवळ बसू. आणि रात्रीमागून रात्री झोप येत नसेल, तर जाणत्या वैद्याकडे त्याच्यासोबत जाऊ.