17 सप्टेंबर आणि हातातला मोबाइल



गेल्या मुक्तिसंग्राम दिनाची गोष्ट आहे. सकाळी झेंडावंदन करून घरी आलो, चहा घेतला, मोबाइल उघडला. एक जुना फोटो आला होता. खाली मजकूर होता, रझाकारांनी आपल्या भागात काय केलं ते बघा म्हणून. बघितलं, रक्त तापलं आणि तीन-चार ग्रुपवर पाठवूनही दिला. पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस मी! दुपारी लातूरहून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तोही आता निवृत्तीला आलाय. म्हणाला, "सर, तो फोटो फाळणीच्या वेळचा आहे, पंजाबातला. ते जाऊ द्या. पण तुम्ही तरी जरा थांबायला पाहिजे होतं." एवढंच बोलला. त्याची आजी 1948 साली लातुरात होती, हे मला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं. तिचं पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, फोटो खोटा असेल, अत्याचार तर खरे होते ना? होते. कासीम रझवी आपल्या लातूरचाच वकील. 1946 साली तो इत्तेहादचा अध्यक्ष झाला आणि त्याच्या भाषणांनी संस्थान पेटवलं. गावं जळाली, माणसं मारली गेली, शेकडो कुटुंबं घरदार सोडून सरहद्दीपलीकडं गेली. विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिलं म्हणून 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला. हे नाव मात्र फॉरवर्डमध्ये सहसा नसतं. रझाकारांनी एका मुसलमान संपादकाला मारलं, हे वाक्य घाईच्या गोष्टीत बसत नाही.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, 17 ला निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. आपण दरवर्षी गोष्ट इथं थांबवतो. पुढचे आठवडे आपण सांगत नाही.

त्या आठवड्यांत काय झालं ते बघायला भारत सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. ही मंडळी कशी फिरली बघा. नोव्हेंबरच्या शेवटापासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, 16 पैकी 9 जिल्हे, 21 शहरं, 23 मोठी गावं. जिथं पोचता आलं नाही अशा 109 गावांतल्या पाचशेवर माणसांशी बोलले. त्यांचा अंदाज असा, की पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर 27 ते 40 हजार माणसं मारली गेली. सगळ्यांत वाईट अवस्थेतले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. तिथं वीस दिवसांवर कत्तल चालली आणि दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार गावात उरले होते, असं अहवाल सांगतो.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्यात स्वतःचे जीव गमावले. त्यांच्याही नावानं आपल्याकडं कुठं झेंडावंदन होत नाही.

हा अहवाल प्रसिद्धच केला गेला नाही. सर्वसामान्य अभ्यासकाला तो बघता यायला 2013 उजाडलं. म्हणजे पासष्ट वर्षं! तेव्हा संथ माध्यम म्हणजे आपोआप चांगलं, असं मी म्हणत नाही. कपाटात दाबून ठेवलेलं सत्यही संथच असतं. एक उशीर चालून-विचारून येतो, दुसरा कुलूप लावून केलेला असतो. मी पहिल्याची बाजू घेतोय.

आमच्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानतात, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग म्लेंच्छ असला तरी चालतो, असं भाष्यकार वात्स्यायन म्हणतात, हे विशेष. आता माझ्या त्या फोटोला आप्त कोण होता? मला पाठवणारा मित्र सज्जन आहे, पण त्यानं पाहिलेलं काहीच नाही. त्याला पाठवणाऱ्यानंही नाही. ही साखळी कितीही मागं नेली तरी बघितलेला माणूस सापडत नाही.

निजामाच्या काळात आ. कृ. वाघमारे 'मराठवाडा' साप्ताहिक चालवायचे. बंदी आली की नाव बदलून पुन्हा काढायचे. साप्ताहिक म्हणजे बातमी शिळीच. पण लिहिणारा कोण आणि त्याची किंमत त्यानं काय मोजली, हे वाचणाऱ्याला ठाऊक असायचं. पटलं नाही तर भांडायला माणूस होता. त्याच पत्राचे पुढचे संपादक अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या लढ्याचा मोठा ग्रंथ लिहिला. आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनीही या विषयावर सविस्तर लिहिलंय. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आहेत. आपल्या भागातल्या ग्रंथालयांत ही पुस्तकं मिळतात. घेऊन बसा, मात्र एका बैठकीत उरकत नाहीत.

मी ते ग्रुप सोडले. सकाळी एक वर्तमानपत्र, बस. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले, हात सारखा खिशाकडं जायचा. बायको म्हणाली, "तंबाखू सोडताना असंच करत होता तुम्ही."

विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. चारही ग्रुपवर चूक लिहूनही टाकली. तिथं एकानं अंगठा दाखवला, बाकी कुणी वाचलंच नसावं. मग त्यालाच विचारलं, आपण दोघं मिळून वाचू या का? आता दर गुरुवारी संध्याकाळी फोनवर बसतो. एक आठवडा भालेरावांचं पुस्तक, एक आठवडा सुंदरलाल अहवाल. अहवाल इंग्रजीत आहे, मी वाचतो आणि मराठीत सांगतो. दोन पानांच्या वर जात नाही. मागच्या गुरुवारी लातूरचा मजकूर आला. मी वाचून थांबलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, गंजगोलाईजवळ आजीचं घर होतं. पुढच्या गुरुवारी वाचायचं नको. मी सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

परवा गुरुवार आहे. वही आणून ठेवलीय.