रविवारी कोण आलं नाही?

पुण्याहून रात्री निघालेली बस पहाटे तुम्हाला औरंगाबादला बाबा पेट्रोल पंपाच्या चौकात उतरवते. घरी आई जागीच असते. चहाचा कप पुढं ठेवून ती एवढंच विचारते, "उपासनेला येशील ना रे?" तुम्ही खरं तर दाखल्यासाठी आलात. लग्न ठरलंय, पुण्याच्या पाळकांनी बाप्तिस्म्याचा दाखला मागितलाय आणि तुमचा बाप्तिस्मा छावणीतल्या चर्चमध्ये झालेला. म्हणून नऊ वाजता तुम्ही मागून तिसऱ्या बाकावर, भिंतीला टेकून बसता. ही आजोबांची जागा.

पुढच्या चार बाकांवर पांढरे केस आणि डोक्यावरचे पदर. मधली बाकं मोकळी. संडे स्कूलला तुमच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी एक हिंजवडीत आहे, एक आखातात, एक सिडकोतल्या एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या सहभागितेला जातो; तिथं कीबोर्ड आणि ड्रम असतो म्हणतात. गाणं सुरू होतं. चाल तुम्हाला पाठ आहे, शब्द निम्मे विसरलेत. आवाज पूर्वी छताला लागायचा. आज तो मधल्या मोकळ्या बाकांपर्यंत येऊन थांबतो.

उपासना संपल्यावर अंगणात एक मावशी तुमचा हात धरतात. "नाताळला आला होतास, नंतर दिसलाच नाहीस. बरं आहे ना सगळं?" तुम्हाला जरा राग येतो. पुण्यात तुमच्या सोसायटीत दोनशे घरं आहेत; चार महिने दार बंद राहिलं तरी असं विचारायला कुणी येणार नाही. तो मोकळेपणा तुम्हाला आवडतो.

पाळक दाखला लिहायला बसतात. कपाटातल्या जुन्या नोंदवह्या तुमच्यासमोर असतात. नाव, आईबापाचं नाव, गाव, तारीख. मराठी बायबल चर्चला 'मंडळी' म्हणतं, हे तुम्ही लहानपणापासून ऐकलंय आणि त्यावर कधी विचार केलेला नाही. इमारतीला नाव नाही, जमलेल्या माणसांना आहे. पान उलटा.

थंडी इतकी की श्वासाची वाफ दिसते. ६ फेब्रुवारी १८१२, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं सेलम गाव, टॅबरनॅकल चर्च. तुम्ही खचाखच भरलेल्या लाकडी बाकावर अंग चोरून बसला आहात. पुढं पाच तरुणांना परदेशी मिशनरी म्हणून दीक्षा दिली जातेय. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोघं वर्षभरानं मुंबईच्या किनाऱ्याला लागतील आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहील. १८३१ मध्ये त्यांच्या मागून आलेले लोक अहमदनगरला ठाणं मांडतील. हॉल मात्र ते बघणार नाहीत. १८२६ मध्ये नाशिकच्या मुलखात फिरताना कॉलऱ्यानं ते जातील.

शेजारच्या शेतकऱ्याचे हात बघा, भेगाळलेले. याच हातांनी दानपात्रात टाकलेल्या नाण्यांवर नगरच्या शाळा चालणार आहेत. पण या गर्दीला निव्वळ भक्ती समजू नका. १८३३ पर्यंत मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठी कर द्यावा लागत असे. आणि इथल्या गावात रविवारी ज्याचं बाक रिकामं, त्याच्याबद्दल सोमवारी चर्चा होते. जाच आहे तो. पण एखादी विधवा आजारी पडली तर त्याच चर्चेमुळे तिच्या दारात लाकडं येऊन पडतात. १८३१ मध्ये फ्रान्सहून आलेला तोकव्हील हा देश हिंडला. धर्म इथं सरकारात बसत नाही, तरी माणसांना एकत्र येऊन कारभार करायची सवय लावतो, हे त्यानं नेमकं हेरलं.

पुन्हा पान उलटा. आता ऊन आहे, आणि धूळ.

१८७७. दुसरं वर्ष पाऊस नाही. औरंगाबाद निजामाचं आहे. छावणीत हैदराबाद कंटिंजंटचं लष्कर आहे. चर्च मिशनरी सोसायटीचं इथलं काम रेव्हरंड रतनजी नौरोजी बघतात, जन्मानं पारशी. तुम्ही सतरंजीच्या कडेला उभे आहात आणि समोर गंगापूरकडून चालत आलेलं एक कुटुंब बसलंय. बापाच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. त्याला नाव विचारतात. तो सवयीनं तेच सांगतो, ज्या नावानं पाटील हाक मारतो: अर्धं, मोडलेलं, शेवटी तुच्छतेचा 'या' लावलेलं. लिहिणारा थांबतो. पूर्ण नाव काय? बापाचं? आईचं? तो माणूस बायकोकडे बघतो. आईचं नाव आजवर कुणी विचारलेलं नसतं.

मला इथून हलावंसं वाटत नाही. तुम्हीही थोडं थांबा.

पोटासाठी बाटले, असं या माणसांबद्दल पुढं शंभर वर्षं बोललं जाईल. तुमच्या आजोबांनीही ते शाळेत ऐकलंय. म्हणणाऱ्यांनी ही चिंध्या गुंडाळलेली पावलं बघितलेली नाहीत. भाकरी हवी होतीच, त्यात लाज कसली? पण भाकरी दुष्काळापुरती असते. ही माणसं पाऊस पडल्यावरही येत राहिली, कारण इथं त्यांना ओळीत बसवलं गेलं. जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसतंय ते बघा. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी जमीन दिली आहे. वसवणारे नारायण शेषाद्री ब्राह्मण घरात जन्मलेले, आणि त्यांच्या भोवती राहणारी माणसं बहुतेक मांग समाजातली. प्रभुभोजनाचा प्याला एकाच्या ओठावरून दुसऱ्याच्या ओठाकडे जातो. १८७७ च्या मराठवाड्यात हे काय होतं, ते आजच्या स्टीलच्या छोट्या पेल्यांकडे बघून कळायचं नाही.

पुढच्या रविवारी हा बाप आला नाही. दुसऱ्या दिवशी एक जण त्याच्या झोपडीशी जातो. "काल आला नाहीत?" तो तापानं फणफणलेला. नाव विचारणं आणि हे विचारणं, माझ्या लेखी एकच गोष्ट आहे.

१९१७ चं पान पटकन बघून घ्या. अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडून रेव्हरंड नारायण वामन टिळक साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडत आहेत. तिथं बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही बसायला जागा आहे. बाकं भरलेली असताना या कवीला ती अपुरी वाटली. चर्च साहेबाच्या खर्चानं आणि साहेबाच्या रीतीनं चालतंय तोवर ते आपलं नाही, हे त्यांना आतून टोचत होतं. दोन वर्षांत टिळक गेले. दरबार पुढं वाढला नाही, पण त्यांची गाणी प्रत्येक मराठी उपासनेत राहिली. आज सकाळी ज्याचे शब्द तुम्ही विसरलात ते गाणं त्याच परंपरेतलं.

१ सप्टेंबर १९५१. छावणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर नागसेनवनात गर्दी आहे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद मिलिंद महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसवायला आलेत. बाबासाहेबांनी उभं केलेलं हे कॉलेज आदल्या वर्षी सुरू झालंय. गर्दीच्या कडेला इस्त्रीचा एकच सदरा घातलेला एक माणूस मुलाचा हात धरून उभा आहे. तो रविवारी मागून तिसऱ्या बाकावर बसतो. त्याला मुलाला इथं शिकवायचंय.

पण १० ऑगस्ट १९५० ला निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ठरवलंय की अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. पुढं १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात येतील. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे गावाच्या नजरेत जात तीच, विहिरीवर वागणूक तीच, कागदावर मात्र ती नाही. शाळेच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात काय लिहायचं? त्या माणसानं काय लिहिलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. कित्येक घरांनी एक लिहिलं, कित्येकांनी दुसरं, आणि दोघांनाही रात्री झोप लागली नाही. तो रविवारी आला, एवढं सांगतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, शंभरात एकही पुरता नाही. पण आपल्याकडे बाकावर बसलेल्यांची मोजणी आणि रकान्यातली मोजणी कधीच जुळलेली नाही. कागद नको म्हणत असताना माणसं येत होती.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली. नाताळला हौसेनं येणारे काही नातलग पुढच्या वर्षी आले नाहीत. ते विहारात जाऊ लागले. त्या रिकाम्या जागेचं मला दुःख होत नाही. तिथंही त्यांना पूर्ण नावानं हाक मारणारं कुणीतरी होतं.

आता शांतता. १२ एप्रिल २०२०, पुनरुत्थानाचा रविवार. चर्चला कुलूप आहे. रस्त्यावर कुत्रं नाही. घरात आईनं मोबाइल वाटीला टेकवून ठेवलाय, त्यात पाळक दिसतात, मध्येच थिजतात. आईनं धुतलेली साडी नेसली आहे आणि आशीर्वादाच्या वेळी ती मोबाइलसमोर उभी राहते. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. काही माणसं परतली. काही त्या वर्षात गेली. काही म्हणाली, घरूनच बघतो, तेच तर असतं.

तेच असतं का? यासाठी वहीबाहेर पडून समुद्रापार या. आज, मॅसॅच्युसेट्स. तुमचा मावसभाऊ इथं नोकरीला आहे. तो तुम्हाला एका जुन्या चर्चसमोर गाडी थांबवून दाखवतो. उंच मनोरा तसाच आहे, आत फ्लॅट झालेत. कमानीच्या खिडकीत कुणाच्या तरी सायकलचं चाक दिसतं. न्यू इंग्लंडमध्ये अशा कित्येक इमारती विकल्या गेल्या. ज्या बाकांवरून नगरच्या शाळांसाठी नाणी आली, त्यांच्यासारखीच ही बाकं.

आकडे ऐका. गॅलपच्या पाहणीत १९९९ मध्ये ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या चर्चचे, सिनगॉगचे, मशिदीचे सदस्य होते. २०२० मध्ये ४७. आठ दशकांच्या मोजणीत पहिल्यांदाच निम्म्याखाली. दर आठवड्याला किंवा जवळपास दर आठवड्याला जाणारे वीसेक वर्षांत ४२ टक्क्यांवरून ३० वर आले. स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे प्यू संस्थेच्या पाहणीत २००७ मध्ये ७८ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ६२. गेली काही वर्षं ही घसरण थांबल्यासारखी आहे. म्हणजे तिथं आपल्या उलट झालं. कागदाला हरकत नाही, रकाना मोकळा, आणि तरी माणसं आली नाहीत.

त्यातल्या पुष्कळांना मी दोष देणार नाही. २००२ मध्ये बोस्टनमधल्या वर्तमानपत्रानं पाद्र्यांकडून झालेलं मुलांचं शोषण आणि त्यावर घातलेलं पांघरूण उघडं केलं. ज्याचं बालपण तिथं मोडलं, त्याला 'परत या' म्हणायचं कुणी? चर्च एका पक्षाच्या सभेसारखं झालं म्हणून उठून गेलेलेही आहेत. काहींचा विश्वासच उरला नाही, आणि नसलेला विश्वास दाखवायला येण्यापेक्षा न येणं प्रामाणिक आहे.

पण त्या इमारतीच्या तळघरात बघा. मंगळवारी तिथं दारू सोडणाऱ्यांची बैठक भरायची. गुरुवारी गरजूंना डबे आणि धान्य मिळायचं. निवडणुकीला मतदान व्हायचं. बँकेतला माणूस आणि सफाई करणारा माणूस आठवड्यातून एकदा एका बाकावर बसायचे, आणि तसं बसायला लावणारी दुसरी जागा त्या गावात नव्हती. २०२३ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी एकटेपणावर इशारा काढला. सिगारेटवर काढावा तसा. तुमचा भाऊ गाडी सुरू करता करता सांगतो, "मागच्या हिवाळ्यात आठ दिवस तापानं पडून होतो. ऑफिसातून मेल आला, बरं वाटलं की कळव." तेवढंच सांगतो आणि वायपर चालू करतो.

"झाला दाखला," पाळक म्हणतात. तुम्ही छावणीत आहात. शाई अजून ओली आहे.

मराठवाड्यातून, नगरातून माणसं सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या जत्रेला लोटतात, त्यात हिंदूही असतात. भक्ती आटली असं मला कधी वाटलेलं नाही. पण जत्रेत कोण आलं नाही, हे कळत नाही. ते कळायला ठरलेलं बाक लागतं.

अंगणात मावशी दोन बायकांशी बोलत उभ्या आहेत. "आज कोण कोण नव्हतं गं?" बोटांवर नावं मोजली जातात. दुसऱ्या बाकावरचे मास्तर नव्हते; दोन रविवार झाले. फोन लागत नाही. मुलगा बंगळूरला असतो. भावसिंगपुऱ्यात घर आहे, पण आता कोण जाणार एवढ्या उन्हाचं.

मावशी तुमच्याकडे बघतात, काही म्हणत नाहीत. तुमची परतीची गाडी दुपारी तीनची आहे. आईच्या स्कूटीची किल्ली तुमच्या खिशात आहे.

भावसिंगपुऱ्यातली गल्ली अरुंद आहे. निळं दार, बाहेर दोन दिवसांची वर्तमानपत्रं पडलेली. तुम्ही ती उचलता. कडी वाजवता. आत काहीतरी सरकतं, मग बराच वेळ काही नाही, मग पावलं. दार उघडणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही आधी आजोबांचं नाव सांगता, पूर्ण, मग स्वतःचं.

"मास्तर, आज दिसला नाहीत म्हणून आलो."