आई, अ‍ॅन आणि रोटरी

परवा माळा आवरताना बाबांची रोटरीची जुनी पिन सापडली. आई हसली, "मी तेव्हा अ‍ॅन होते हो!" सभासदांच्या बायकांना अ‍ॅन म्हणायचे. डोळ्यांच्या शिबिरात पेशंटच्या रांगा लावायची आई, सभासद मात्र बाबा.

२३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत चौघे जमले: वकील पॉल हॅरिस, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-इंजिनियर, एक शिंपी. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत, म्हणून रोटरी. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा. म्हणजे आत स्पर्धा नाही, उलट एकमेकांना गिऱ्हाईक! माणसं टिकणारच की.. बायकांना मात्र दार बंद.

१९७७ साली कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे क्लबाने तीन बायकांना सभासद करून घेतलं. शिक्षा काय, तर अख्ख्या क्लबाची सनद रद्द! भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९८७ ला निकाल क्लबाच्या बाजूने लागला आणि १९८९ मध्ये रोटरीने जगभरासाठी नियम बदलला.

बाबा तर नव्वदीतही कुरकुरायचे, "नवीन माणसं येत नाहीत, आलेली टिकत नाहीत." रोटरीत जायचं तर कुणीतरी नाव सुचवावं लागायचं.

"मग तू का नाही झालीस सभासद?" मी विचारलं.

आई पिन पदराने पुसत होती. "माझं नाव कोण सुचवणार? तुझ्या बाबांनासुद्धा नाही सुचलं."