पिसाळलेला कुत्रा कसा ओळखावा? एका निदानाचा इतिहास

शाळांमधून बोलताना आम्ही कधीकधी हा प्रश्न विचारतो. उत्तरे बहुधा ठरलेली असतात: असा कुत्रा सैरावैरा धावतो, दिसेल त्याला चावतो, त्याच्या तोंडाला फेस येतो आणि तो पाण्याला भितो. यातील शेवटचे उत्तर चूक आहे आणि पहिली तीन अपुरी आहेत. घरचा कुत्रा पिसाळतो तेव्हा सुरुवातीला यातले काहीच दिसत नाही, असे बऱ्याचदा घडते. मग हा गैरसमज आला कोठून?

ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात या रोगाची नोंद केली. पिसाळलेला कुत्रा चावला तर माणूस सोडून इतर सर्व प्राण्यांना हा रोग होतो, असे त्याने लिहिले. एवढ्या मोठ्या निरीक्षकाचीही येथे चूक झाली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील वर्णन मात्र आजही ओळखू येते. अशा प्राण्याची शेपूट, जबडा आणि खांदे लोंबतात, लाळ गळते, त्याला नीट दिसत वा ऐकू येत नाही. ‘जलत्रास’ हा शब्दही तेथेच येतो, पण तो चावा घेतलेल्या माणसाविषयी. माणसाला पाणी गिळताना घशाच्या स्नायूंचे वेदनादायक आचके येतात, म्हणून तो पाण्याला भितो. पुढे माणसाचे हे लक्षण लोकांनी कुत्र्याच्या माथी मारले. पाणी पिणारा कुत्रा मग निर्धोक ठरू लागला.

या समजुतीला लंडनचे पशुवैद्य विल्यम युआट यांनी 19 व्या शतकाच्या पूर्वार्धात ठाम विरोध केला. त्यांनी अनेक आजारी कुत्री जवळून पाहिली होती. असा कुत्रा पाण्याला भीत नाही, उलट तहानेने पाण्यात तोंड खुपसतो, असे ते सांगत. त्यांनी टिपलेली सुरुवातीची लक्षणे अगदी साधी आहेत. कुत्रा अस्वस्थ असतो, एका जागी बसत नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात जातो. हवेत नसलेल्या माशीवर झडप घालतो. गवत, काड्या चावतो. भुंकण्याचा आवाज बदलून घोगरा होतो. तरीही मालकाची हाक तो ओळखतो. धोका नेमका येथेच असतो.

लाळेतूनच रोग पसरतो, हे जर्मनीत झिंके यांनी 1804 मध्ये निरोगी कुत्र्याच्या जखमेवर रोगी कुत्र्याची लाळ लावून दाखवले होते. पण चावलेला कुत्रा खरोखर पिसाळलेला होता का, हे ठरवायचे कसे? जुलै 1885 मध्ये जोसेफ मेस्टर या 9 वर्षांच्या मुलाला पाश्चर यांच्याकडे आणले, तेव्हा त्याला चावलेला कुत्रा मारला गेला होता. त्याच्या पोटात गवत, पेंढा आणि लाकडाचे तुकडे सापडले, आणि तोच पुरावा मानला गेला! 1903 मध्ये इटलीत नेग्री यांना रोगी प्राण्यांच्या मेंदूतील पेशींत विशिष्ट कण दिसले. निदानाला सूक्ष्मदर्शकाची जोड मिळाली. तरीही काही पिसाळलेल्या प्राण्यांत हे कण सापडत नाहीत. त्यामुळे कण दिसले नाहीत, म्हणून रोग नाही, असे म्हणता येत नसे. 1958 मध्ये प्रतिदीप्त प्रतिपिंडांची अधिक खात्रीची चाचणी आली. या चाचण्यांना लागतो तो मेंदू. जमावाने डोके ठेचून मारलेल्या कुत्र्याबरोबर हा पुरावाही जातो.

भारतात या प्रश्नाला आणखी एक धार होती. कसौलीला 1900 मध्ये आणि कुन्नूरला 1907 मध्ये पाश्चर संस्था निघाल्या. कसौलीत सेम्पल यांनी 1911 मध्ये मेंदूच्या ऊतीपासून लस तयार केली. पोटातील त्या इंजेक्शनांची आठवण अनेक वाचकांना असेल. 2005 च्या सुमारास तिचा वापर थांबेपर्यंत क्वचित कोणाला त्या लशीनेच पक्षाघात होई. विनाकारण टोचून घेणे परवडणारे नव्हते आणि न टोचणे त्याहून भयंकर, कारण लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

म्हणूनच चावलेल्या कुत्र्याला न मारता 10 दिवस बांधून ठेवण्याच्या नियमाला महत्त्व आहे. विषाणू आधी मेंदूत पोचतो आणि नंतर लाळग्रंथींत उतरतो. लाळेत विषाणू आला की काही दिवसांतच कुत्रा आजारी पडून मरतो. 10 दिवसांनंतरही तो धडधाकट असेल, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता.

‘पिसाळणे’ या शब्दाने मात्र आपली नजर अजून अडवली आहे. रोगाच्या मूक प्रकारात कुत्रा पिसाळतच नाही. तो गप्प पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते. घशात हाड अडकले असे समजून मालक मायेने त्याच्या तोंडात हात घालतो.

शिक्षकांनी मुलांना सांगावे: कुत्र्याच्या नेहमीच्या वागण्यातला बदल हे पहिले लक्षण होय. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये, त्याला वेगळे ठेवून पशुवैद्याला बोलवावे. चावा वा ओरखडा झाला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. उपचार लगेच सुरू करावेत, 10 दिवस संपण्याची वाट पाहू नये. आणि कुत्रा पाणी प्यायला, म्हणून निश्चिंत होऊ नये.